रुसव्याची गाडी

गेल्या धोंड्याच्या महिन्यात ईट गावी सासुरवाडीत मी पाटावर बसलो होतो आणि माझे सासरे माझे पाय धुवायला खाली बसत होते. वय पंचाहत्तरीच्या पुढं. डावा पाय त्यांना दुमडता येत नाही, म्हणून तो बाजूला लांब काढून, एक हात फरशीला टेकवून ते हळूहळू खाली आले. मी म्हणालो, "मामा, राहू द्या." ते म्हणाले, असं कसं पाव्हणं, तीन वर्सांतनं एकदा येतोय हा महिना. तांब्यातलं कोमट पाणी माझ्या पायांवर पडलं. मग गंध, टॉवेल-टोपी, ताटात तेहतीस अनारसे आणि त्यावर दिवा. सासूबाई गेल्यापासून हा सगळा मान ते स्वतःच्या हातानं करतात.

मी बावन्न वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. परंड्याजवळच्या एका गावात घर आहे, थोडी जमीन आहे. बोलण्याच्या बाबतीत आधीपासूनच कंजूष. त्या दिवशी पाटावर बसल्या बसल्या मात्र वाटलं, हा माणूस पुढच्या धोंड्याला असेल का, सांगता येत नाही. आणि मला त्याला दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या. एक सत्तावीस वर्षांपासून, दुसरी वीस वर्षांपासून. दोन्ही एकाच मोटरसायकलच्या.

पहिली लग्नातली.

आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत नवरदेव रुसतो. ताट वाढलेलं असतं, सगळे हात आखडून बसलेले असतात आणि नवरदेव काही घासाला हात लावत नाही. मग सासरचे मनधरणी करतात. काय पाहिजे? घड्याळ, अंगठी, फार तर रेडिओ. थोडा हशा होतो, सासरा खिशातून आधीच आणून ठेवलेली वस्तू काढतो आणि पंगत सुरू होते. बहुतेक वेळा वस्तूसुद्धा आधी ठरलेली असते. माझी ठरली होती, घड्याळ. ते सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं, हे मला माहीत होतं.

मी घड्याळाला मान हलवली. नाही म्हणालो. शेजारी बसलेला माझा मित्र मोठ्यानं म्हणाला, "नवरदेवाला गाडी पाहिजे." पंगत हसली. सगळ्यांना वाटलं चेष्टा आहे. मी हसलो नाही. मान खाली घालून बसून राहिलो.

सासरे भटारखान्याकडून आले. खांद्यावर टॉवेल होता, कपाळावर घाम होता. कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं. ते माझ्याकडं बघत उभे राहिले, किती वेळ ते आठवत नाही, पण भात निवला होता. मग ते मांडवाबाहेर गेले आणि लिंबाखाली लावलेली स्वतःची मोटरसायकल ढकलत आणली. कॅरिअरवर बांधलेली कातडी पिशवी सोडली, बर्फाचा डबा सोडला, दोन्ही बाजूला ठेवले आणि किल्ली माझ्या पत्रावळीशेजारी ठेवली. "जेवा पाव्हणं, अन्न निवतंय," एवढंच म्हणाले.

पुढं सासुरवाडीत सगळे म्हणत राहिले की त्या मित्रानंच नवरदेवाला फूस लावली. मीही कधी नाही म्हणालो नाही. मित्र आयुष्यभर ईटच्या वाटेला गेला नाही, लोक टोचून बोलतात म्हणून. खरं असं आहे की पंगतीला बसायच्या आधी मीच त्याला म्हणालो होतो, मी घड्याळाला नाही म्हटलं की तू गाडी म्हण. तो म्हणाला, अरे नको, बरं दिसणार नाही. मी म्हणालो, तू म्हण तर.

त्याच्याही आधीचं सांगतो. मुलगी बघायला गेलो तेव्हा ती गाडी लिंबाखाली उभी होती. काळी, टाकीवर चंदेरी पट्टा, आरशासारखी पुसलेली. मला नोकरी नवीन लागली होती, शाळा फाट्यापासून आत पाच किलोमीटर, बाकीचे गुरुजी गाडीवर यायचे आणि मी पायी. मुलगी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली, तोवर माझं गाडीचं बघून झालं होतं. मुलीकडं मी कमी वेळ बघितलं आणि गाडीकडं जास्त, हे बायकोला मी आजवर सांगितलेलं नाही. हे वाचून तिला कळेल.

सासरे ढोरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टर नव्हते. पट्ट्या बांधायच्या, जनावर धरायचं, वाड्या-वस्त्यांवर लशी घेऊन जायचं. लोक त्यांनाच ढोराचा डॉक्टर म्हणायचे. बर्फाच्या डब्यात लशी असायच्या. गाडी गेल्यावर ते वाड्यांवर कसे जात होते, हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. पडला नाही.

ती गाडी मी सात वर्षं वापरली. मग हप्त्यावर नवी घेतली आणि जुनी शेतातल्या पत्र्याच्या शेडात नेऊन लावली. त्या वर्षी पंचमीला बायको माहेरी जाऊन आली आणि जेवताना म्हणाली, आप्पा विचारत होते, पाव्हण्यांनी नवी घेतली म्हणे, जुनी पडून असली तर सांगा, रिटायर व्हायला माझी अजून तीन वर्षं आहेत. ती हे ताटाकडं बघत म्हणाली.

मी म्हणालो, "भंगारात दिली."

ती म्हणाली, "बरं." आणि भाकरी थापायला चुलीकडं वळली.

गाडी तेव्हा शेडात उभी होती. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तिच्यापुढं कडब्याच्या पेंढ्या रचल्या. का केलं हे, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. गाडी मला नको होती, विकायचीही नव्हती. पण परत द्यायला गेलो असतो तर मी मांडवात जे केलं ते परत करण्यासारखं होतं, असं माझ्याच तोंडून कबूल झालं असतं. ते टाळायला मी एका लंगड्या माणसाला तीन वर्षं पायी चालायला लावलं. वाक्य लिहिताना सोपं दिसतंय.

तर धोंड्याचं जेवून ईटहून आलो आणि दुसऱ्या रविवारी मी कडबा उपसला. वीस वर्षांत कडबा दर साली बदलत गेला, मागची गाडी तिथंच. ताडपत्री ओढली तर हातात तुकडे आले. सीट उंदरांनी खाल्लेली, टायर चिरलेले, टाकीचं झाकण गंजून बसलेलं. मनात एकच होतं. ही नीट करायची, मामांच्या दारात नेऊन उभी करायची, मग बोलायला तोंड होईल. रिकाम्या हातानं जाऊन तसली गोष्ट सांगायची माझी छाती नव्हती.

गाडीतलं मला काही कळत नव्हतं. पंक्चरसुद्धा कधी स्वतः काढलं नव्हतं. बार्शीहून पान्यांचा संच आणला आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून सुरुवात केली. व्हिडिओतली माणसं बोलत बोलत इंजिन उघडायची, मला पहिला नट सुटायला अख्खा रविवार गेला. तोही उलटा फिरवत होतो. सुटलेले नट-बोल्ट कुठले ते कळावं म्हणून अंड्याच्या ट्रेमध्ये ठेवून खडूनं आकडे घातले. खडू दोन दिवसांत पुसला गेला.

शेवटी परंड्यात स्टँडजवळ एक म्हातारा मिस्त्री आहे, त्याच्याकडं गेलो. टेम्पोतून गाडी उतरवली तर तो बिडी विझवून म्हणाला, "गुरुजी, ही गाडी हाय का गाडीची हाडं?" इंजिन जाम होतं. त्यानं प्लग काढून भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि सांगितलं, आठ दिवस हात लावू नका, मग किक हातानं दाबून बघत जा, पायानं न्हाय. गाडी तशीच परत शेडात आणली. मला घाई होती. पाचव्या दिवशी मी पाय मारलाच. किकचा दांडा मोडून खाली पडला. तो घेऊन परत गेलो तर मिस्त्री म्हणाला, शाळेत पोरं प्रश्न सोडवायच्या आधीच उत्तर लिहितात तवा तुमी काय करता? मी म्हणालो, उठाबशा. तो म्हणाला, मग काढा. दुकानातली माणसं हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन.

इंजिन त्यानं केलं, बाकीचं मी माझ्या हातानं करायचं असं ठरवलं. टाकी आतून गंजली होती. त्यासाठी आमच्याकडची पद्धत, तांब्या-पितळेला करतात तीच. चिंचेचं दाट पाणी भरलं, मूठभर खडी टाकली, तोंड बांधलं आणि शेडाच्या तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधून टाकी तिच्यात ठेवली. जाता-येता झोका द्यायचा, आत खडी घासत राहते. बायको शेळीला पाला टाकायला आली होती. बघत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या लेकरांना या माणसानं कधी झोका दिला नाही." चेष्टेत म्हणाली, पण गाडीकडं एकदाही बघितलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की वीस वर्षांपूर्वी भंगारात गेलेली गाडी शेडात कशी, असं तिनं विचारलंच नव्हतं.

मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"कडबा कोण काढतं घरात?" ती म्हणाली.

दर साली कडबा तीच काढत होती. म्हणजे पहिल्या सालीच तिला गाडी दिसली होती. ती बापाला जाऊन सांगू शकली असती आणि तिनं सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं खोटं तिनं वीस वर्षं स्वतःच्या माहेरात सांभाळलं होतं. मी झोळीला झोका देत राहिलो.

दिवाळीच्या सुट्टीत सांगाडा घासून रंगाला काढला. सात वर्षं चालवून जे दिसलं नव्हतं ते घासताना दिसलं, पाय ठेवायच्या दोन दांड्यांपैकी डावी खाली आहे, उजवीपेक्षा चार बोटं. मला वाटलं, कधीतरी पडून वाकली असेल. कॅरिअरला एक लोखंडी कडंही जोडलेलं होतं, ओबडधोबड. बाजारच्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडून मी कडं कापून काढलं आणि डावी दांडी तोडून उजवीच्या बरोबरीनं जोडून घेतली. मिस्त्रीला विचारलं नाही. एवढं तर आपल्याला कळतंय, असं वाटायला लागलं होतं तोवर. व्हिडिओतली पोरं जुन्या गाड्या कंपनीतून आल्यासारख्या करतात, तशी मला करायची होती. काळा रंग दिला, चंदेरी पट्टा ओढला, नवी सीट शिवून घेतली. टाकी चढवली. गाडी उन्हात उभी करून मी चारी बाजूंनी बघत होतो.

बायको चहा घेऊन आली. तिनं सगळं बघितलं. मग वाकून त्या डाव्या दांडीला हात लावला.

"ही वर कुणी घेतली?"

मी म्हणालो, वाकली होती, सरळ केली.

ती म्हणाली, "आप्पांनी केली होती ती खाली. त्यांचा पाय दुमडत नव्हता."

मी म्हणालो, तेव्हा कुठं, हे आता म्हातारपणाचं आहे.

ती चहाचा कप सीटवर ठेवायला गेली, नवी सीट बघून हातातच धरला. मग सांगितलं. ती सातवीत असताना जनावर अडकवायच्या खोड्यात घातलेल्या बैलानं आप्पांच्या गुडघ्यावर लाथ मारली होती. सहा महिने घरी होते. उठले तेव्हा पाय काठीसारखा. सायकल सुटली, वाड्यांवर जाणं बंद झालं, नोकरी जायची वेळ आली. मग ही गाडी घेतली आणि लोहाराकडून दांडी खाली करून घेतली, पाय लांब सोडून बसता यावं म्हणून. कड्यात बर्फाचा डबा बसायचा. गाडी म्हणजे आप्पांचा पाय होता, असं ती म्हणाली नाही. तसलं बोलायची तिला सवय नाही. ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं मिरवायला होती का?"

मला एक दिवाळी आठवली. लग्नानंतर दुसरी असेल. मी त्या गाडीवर ईटला चाललो होतो. गावाच्या अलीकडं कच्च्या रस्त्यावर सासरे चालत येताना दिसले. एका खांद्याला कातडी पिशवी, दुसऱ्याला बर्फाचा डबा, डावा पाय बाहेरून फिरवून टाकत. मी थांबलो, म्हणालो, मामा, बसा मागं. ते बसले. डावा पाय त्यांनी बाजूला लांब काढून ठेवला होता, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना लागला असता. मी मागं वळून म्हणालो, "मामा, पाय आत घ्या." ते म्हणाले, व्हय व्हय. आणि घरापर्यंत दोन्ही हातांनी मांडी धरून तो पाय उचलून धरून बसले. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला गाडीवर बसायची सवय नाही.

त्यांच्याच गाडीवर.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडं पळालो. कडं त्यानं भंगाराच्या ढिगात टाकलं होतं, तो ढीग बार्शीला गेला होता. दांडी परत तोडून खाली जोडून घेतली. त्या जागचा नवा रंग जळाला, जोड फोडासारखा वर आला. वेल्डिंगवाला म्हणाला, गुरुजी, तुमचं एकदा ठरवा की. मी वरून ब्रशनं काळा फासला. दिसायचं ते दिसतच राहिलं.

जानेवारीत, ज्वारी हुरड्यात आलेली असताना, एका रविवारी सकाळी मी गाडी काढली. बायकोला म्हणालो, चल. ती म्हणाली, त्या गाडीवर मी सात वर्षं बसले, तेवढं पुरे. तुमचं तुम्ही बोलून या. मी एकटाच निघालो. कागदपत्रांची मुदत कधीच संपलेली, भूमच्या चौकात पोलीस दिसला तेव्हा गाडी बाजूच्या गल्लीतून काढली. बाकी गाडी चांगली चालली. मागं निळा धूर आणि तो जुना आवाज. शेतातली माणसं मान वर करून बघत होती.

सासरे ओट्यावर ऊन घेत बसले होते. आवाज फाट्यावरूनच ओळखला असणार, कारण मी वळलो तेव्हा ते आधीच उभे होते, खांबाला धरून. घरात दुसरं कुणी नव्हतं, सगळे रानात गेले होते. मी गाडी लावली, पाया पडायला वाकलो. त्यांनी नेहमीसारखं मला वरच्या वर धरलं. आमच्यात जावयानं सासऱ्याच्या पाया पडायचं नसतं. ते गाडीभोवती एक चक्कर फिरले. टाकीवर हात ठेवला. डाव्या दांडीच्या जोडावरून बोट फिरवलं. बसून बघता का, मी विचारलं. ते म्हणाले, आता न्हाय जमत, पाय उचलत न्हाय.

मग मी बोललो. ओट्याच्या कडेला बसून, जमिनीकडं बघत, वर्गात पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखं. मांडवातलं सांगितलं, मित्राचं नव्हतं, माझंच होतं, आधीपासून ठरवलेलं. भंगाराचं सांगितलं. पायाचं मला कळलं नाही तेही सांगितलं. माफ करा म्हणालो का, ते आता आठवत नाही. म्हणायचं होतं एवढं आठवतं.

ते शेजारी टेकले, खांबाजवळची काठी हातात घेतली. मग म्हणाले, "भंगाराचं मला ठावं हाय. गाडी माझ्या नावावर. भंगारवाला कागद मागतो, सही मागतो. वरीसभर वाट बघितली, सहीला कुणी आलं न्हाय. तवाच कळलं, गाडी घरीच उभी हाय."

त्यांनी गाडीकडं बघितलं.

"आन् मांडवातलंबी ठावं हाय. पोरगी बघायला आलता तवा तुमची नजर कुठं होती ते म्या बघितलंय. मला वाटलं, घड्याळावर भागंल."

मला वाटलं आता ते चिडतील, निदान चार शब्द बोलतील. मी त्यासाठीच आलो होतो, खरं तर. ते काठीनं जमिनीवर रेघा ओढत होते.

"पाव्हणं, मांडवातलं लोकं काय बी बोलू देत, गावात म्या आजपतूर एकच सांगितलंय. गाडी म्या राजीखुशीनं दिली. कुणी मागितली म्हणून न्हाय. पोरीलाबी हेच सांगितलं, तिच्या आईलाबी हेच. चालताना लोकं इचारायची, डाक्टर, गाडी कुठं? म्या म्हणायचो, जावयाला दिली, हौस होती माझी. तेवढं एक माझ्यापाशी होतं." मग माझ्याकडं बघितलं. "आज ते न्यायला आलात व्हय?"

सहा महिने पाना घेऊन त्या गाडीला भिडलो, वाटलं होतं की बोललो की हलकं होईल. ते हलकं होणं मी पुन्हा त्यांच्याच खिशातून काढत होतो, हे मला त्यांनी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

तेवढ्यात आवाज ऐकून शेजारचे दोघे आले. त्यातल्या एकाला गाडी आठवत होती. तो म्हणाला, अरे, ही डाक्टरची जुनी गाडी, ही तर भंगारात गेली होती म्हणतात. सासरे काठी टेकून उभे राहिले आणि मोठ्या आवाजात म्हणाले,

"गेलती. पण आमच्या पाव्हण्यांनी हुडकून काढली. भंगारवाल्याचा माग काढत कुठंकुठं हिंडले, परत घेतली आन् स्वतःच्या हातानं नवी केली. माझ्यासाठी. का हो पाव्हणं?"

तिघेही माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "हो."

ते म्हणाले, गाडी हितंच राहू द्या. मी एस.टी.नं परत आलो. बायकोनं दारातच विचारलं, बोललात का. मी म्हणालो, बोललो. काय म्हणाले? मी सांगितलं, त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. पुढचं सांगितलं नाही. तिलाही त्यांनी राजीखुशीचंच सांगितलं होतं, मग ते मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ. तिला सगळं कळत असणार, कळूनच ती बापाचं आणि नवऱ्याचं, दोघांचंही झाकत आली असणार. पण ते तिचं तिच्याकडं.

गाडी ओट्यासमोर लिंबाखाली उभी राहिली. येणारा-जाणारा विचारायचा आणि ते सांगायचे. मेव्हणा फोनवर हसत सांगायचा, दाजी, तुमची गोष्ट आप्पा रोज सांगतात, रोज भंगारवाला एकेक गाव लांब जातोय. आधी बार्शी होतं, आता तुम्ही पार सोलापूरला पोहोचलात. मीही हसायचो.

एप्रिलच्या शेवटी ते गेले. झोपेतच, पहाटे. फार त्रास झाला नाही, असं मेव्हणा म्हणाला.

आता हे सगळं लिहायला बसलो आहे, तर मनात येतं की हेही पुन्हा काढून घेणंच आहे. म्हणून कुणाची नावं घातली नाहीत, गाडीचंही घातलं नाही. ईटमध्ये ज्यांना कळायचं त्यांना कळेल. न लिहिता राहवेना, हे खरं आहे, आणि ते माझं चांगलं लक्षण आहे असं मला वाटत नाही.

दहाव्याला गाव जमलं होतं. जेवणं आटोपली, माणसं लिंबाच्या सावलीत गाडीभोवती बसली. एक म्हातारा, मी त्यांना ओळखत नव्हतो, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "डाक्टर लई नशीबवान. आजकाल पोटचं पोरगं करत न्हाय, ते जावयानं केलं." आजूबाजूचे व्हय व्हय म्हणाले. बायको हातात पाण्याची कळशी घेऊन तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणतो याची ती वाट बघत होती, असं मला वाटलं. त्या म्हाताऱ्यानं माझा हात अजून सोडला नव्हता.

मी होय म्हणून मान हलवली. तिनं एकेकाच्या पेल्यात पाणी ओतलं, माझ्याही ओतलं, आणि आत गेली.